गप्प बसलं की तुटणारी लाईन

हजेरीपटावर तिचं नाव नीट लिहिलेलं होतं, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांची ती रेडिओ. सकाळी साडेआठला केंद्राचं फाटक ओलांडलं की तिचं बोलणं सुरू व्हायचं, ते संध्याकाळी घरी नवऱ्याने “अगं, चहा पिताना तरी श्वास घे” म्हणेपर्यंत चालायचं. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. दिवसभर मोटारींची घरघर ऐकून घरी यायचा आणि म्हणायचा, “पंपाला निदान बटण तरी आहे.”

केंद्र होतं वाचा-उपचाराचं. अर्धांगवायूचा झटका येऊन ज्यांचं बोलणं गेलं, अशी माणसं तिथे यायची. डोक्यात शब्द असतो, समोरची वस्तू कळत असते, पण शब्द जिभेपर्यंत पोचत नाही. वाटेत कुठेतरी अडकतो. तो अडकलेला शब्द ओढून न काढता, त्याला आपल्या पायांनी येऊ द्यायचं, हे काम ज्या बाई करत त्यांना पेशंट उच्चारताई म्हणत. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या.

डोंगरापलीकडे केंद्राची वीस खाटांची शाखा होती. तिथे नर्स होत्या, व्यायाम करून घेणारे होते, पण वाचा-उपचार करणारं कोणी नव्हतं. म्हणून उच्चारताई रोज सकाळी फोनवरून तिथल्या पेशंटांना बोलतं करायच्या. हे फोन इंटरनेटवरून चालायचे. इकडे एक सर्व्हर, तिकडे एक सर्व्हर, दोन्ही जाडजूड पुस्तकाएवढे डबे. त्या दोन डब्यांची गाठ घालून ठेवणं आणि ती सुटू न देणं हे रेडिओचं काम.

एका सोमवारी उच्चारताई तिच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“रेडिओ, लाईन पुन्हा मेली.”

“कोणाशी बोलताना?”

“सुतारकाका.”

रेडिओने तिथल्या तिथे शाखेचा नंबर लावला. सिस्टरनी फोन उचलला आणि मग रेडिओ सुरू झाली. आवाज येतोय ना, तिकडे थंडी आहे का, नवीन पडदे लागले का, मागच्या वेळी पाठवलेली वायर पुरली का. दहा मिनिटांनी तिने रिसीव्हर ठेवला.

“ताई, लाईन ठणठणीत आहे. दहा मिनिटं बोलले, एकदा तरी तुटली का?”

“तू बोललीस. सिस्टर किती बोलल्या?”

“त्यांना कुठे वेळ मिळाला!” रेडिओ हसली.

उच्चारताई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि झालेलं सांगू लागल्या. सुतारकाकांनी चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या. आठ महिन्यांपूर्वी उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. मोठ्या मुश्किलीने फोनवर यायला तयार झाले होते. आज ते एक शब्द शोधत होते. ताई थांबल्या होत्या. आणि लाईन मेली. काकांना वाटलं, बाई कंटाळल्या आणि फोन ठेवून दिला. त्यांनी रिसीव्हर खाटेवर टाकला, भिंतीकडे तोंड करून झोपले आणि आता फोन नको अशी डाव्या हाताने खूण केली.

“तीन महिने सांगतेय मी,” ताई म्हणाल्या. “दर वेळी तू टेस्ट करतेस आणि दर वेळी म्हणतेस, ठणठणीत आहे.”

रेडिओला ते चांगलंच लागलं. पुढचे दोन दिवस तिने दोन्ही सर्व्हर पालथे घातले. वायरी बदलल्या, नोंदी वाचल्या, शाखेला वीस वेळा फोन केला. प्रत्येक फोन खणखणीत. तिने हात टेकले.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण टेबलावर उघडी फाईल राहिली की बेचैन व्हायचा.

“महिनाअखेरपर्यंत बघू,” ते म्हणाले. “नाहीतर फोनवरचे उपचार बंद करू आणि पेशंटना महिन्यातून एकदा गाडीने इकडे आणू.”

“साहेब, निम्मं अंग लुळं पडलेली माणसं तीन तास डोंगराच्या रस्त्याने?”

“मला काय हौस आहे? पण तुटक्या फोनपेक्षा ते बरं.”

रेडिओ बाहेर आली ती थेट उच्चारताईंच्या खोलीत. “मला तुमच्या शेजारी बसून बघायचंय. पेशंटची हरकत नसेल तर.”

ताईंनी सिस्टरना विचारलं, सिस्टरनी पेशंटला विचारलं. त्या दिवशीचा पेशंट म्हणजे एक टपालवाले आजोबा. त्यांनी हुंकार दिला. त्यांची हरकत नव्हती.

खोली लहान. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, ताईंसमोर चित्रांचा गठ्ठा. तसाच गठ्ठा तिकडे आजोबांसमोर. ताईंनी फोनचा स्पीकर लावला आणि विचारलं, “सातव्या चित्रात काय आहे?”

रेडिओने चित्र पाहिलं. छत्री. तिकडून घशातला थोडा आवाज आला आणि मग काहीच नाही. ताई शांत. रेडिओच्या ओठांवर ‘छत्री’ येऊन उभी राहिली होती. ताईंनी तिच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं. रेडिओने तोंडाला कुलूप घातलं, पण तिची टाच जमिनीवर आपटू लागली. एवढी शांतता तिने आयुष्यात ऐकली नव्हती. वेळ जाईना म्हणून ती घड्याळाचा सेकंदकाटा बघत बसली. दहा. वीस. पंचवीस. काटा पस्तिशीजवळ पोचला, तेव्हा ताई मऊ आवाजात म्हणाल्या, “सावकाश हं, आजोबा.”

उत्तर नाही. ताई पुन्हा बोलल्या. पुन्हा काही नाही. फोनवरचा हिरवा दिवा मात्र चालूच होता.

“मेली,” ताई म्हणाल्या. “बघ आता तूच.”

रेडिओ बघतच राहिली, पण फोनकडे नाही, घड्याळाकडे. मग ती उठली आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. ताईंना वाटलं, हिला बरं नाही की काय.

खोलीत येऊन तिने शाखेला फोन लावला. “सिस्टर, आता एक मिनिट तुम्ही बोलायचं नाही आणि मीही बोलणार नाही.”

“तुम्ही?” सिस्टरना हसू आवरेना. “जमेल का?”

“हसायचंसुद्धा नाही. सुरू.”

पहिल्यांदा सिस्टर अकराव्या सेकंदाला फिसकन हसल्या. दुसऱ्या वेळी रेडिओलाच ठसका लागला. तिसऱ्या वेळी दोघी गप्प राहिल्या. पस्तीस सेकंदांनी रेडिओ “हॅलो” म्हणाली आणि तिचा हॅलो कुठे गेला कोण जाणे. चौथ्या वेळी तेच. पाचव्या वेळी तेच.

मग तिला सगळा उलगडा झाला. डोंगरापलीकडची इंटरनेटची लाईन फार अरुंद होती, टॉवरवरून येणारी. म्हणून फोन बसवताना तिनेच एक सोय चालू केली होती. कोणी बोलत नसेल तर काहीच पाठवायचं नाही. उगाच शांतता कशाला वाहून न्यायची? आणि वाटेत होता इंटरनेट कंपनीचा राऊटर. त्याचा हिशेब सरळ होता. एखाद्या दारातून अर्धं मिनिट कोणी गेलं-आलं नाही, की ते दार बंद करायचं. बोलत राहणाऱ्यांना याचा पत्ताच लागत नव्हता. ज्यांना शब्द सापडायला वेळ लागतो आणि जी बाई त्यांच्यासाठी थांबते, त्यांचीच लाईन तुटत होती. आणि जिचं तोंड कधी बंद होत नाही, ती लाईन तपासत होती.

ती ताईंच्या खोलीत परत गेली. “ताई, चूक माझीच होती. तीन महिने तुम्ही खरं सांगत होतात.”

ताईंनी चष्मा काढून पुसला. “बरं. मग आता?”

“आता नीट करते.”

वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. गुरुवारी सकाळी तिने ती काटकसरीची सोय बंद केली. आता शांततासुद्धा वाहून नेली जाऊ लागली. पण दहा वाजता शाखेतून एकदम पाच फोन लागले आणि त्या अरुंद लाईनीत नुसती चेंगराचेंगरी झाली. सगळ्यांचेच आवाज चिरफाळले. औषधांची यादी सांगणाऱ्या सिस्टर चौथ्यांदा ओरडल्या, “अहो, पांढऱ्या गोळ्या, पांढऱ्या!” अकरा वाजता रेडिओने सगळं होतं तसं केलं. इंटरनेट कंपनीला फोन करून ते दार जरा जास्त वेळ उघडं ठेवता येईल का विचारलं. तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला की राऊटर सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकाच पद्धतीचे असतात.

म्हणजे प्रश्न सर्व्हरच्या भाषेवर आला. दोन सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम असतात, त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. आत्ता दोघांमध्ये चालत होता तो सिप. जगभर तोच चालतो. इंटरनेटवरचा कुठलाही फोन आणा, त्याला सिप कळतो. पण सिपमध्ये ‘फोन आलाय, उचला’ हा निरोप एका दाराने जातो आणि माणसाचा आवाज दुसऱ्या दाराने. निरोपाचं दार उघडं राहिलं तरी आवाजाचं बंद होऊ शकतं. म्हणूनच तो हिरवा दिवा शेवटपर्यंत चालू राहिला होता.

दुसरा प्रोटोकॉल होता आयएएक्स. खास सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यासाठीच काढलेला. त्यात निरोप आणि आवाज एकाच दाराने जातात, आणि दोन्ही सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना ‘आहेस ना?’ असं विचारत राहतात. त्यामुळे कोणी बोलो न बोलो, दार उघडं राहतं. शिवाय एकाच वेळचे चार-पाच फोन तो एकाच पाकिटात घालून नेतो, म्हणजे अरुंद लाईनीवरचा भार हलका होतो.

शुक्रवारी ती साहेबांसमोर बसली. तिने आयएएक्सबद्दल आधी कळवलं होतं, म्हणून साहेबांनी सर्व्हर पुरवणाऱ्याला विचारून ठेवलं होतं.

“त्यांचं म्हणणं, सगळं जग सिप वापरतं, तुम्हीही तोच ठेवा. आयएएक्स जाणणारी माणसं कमी झालीत.”

एरवी रेडिओने या वाक्याच्या मध्यातच उत्तर सुरू केलं असतं. आज ती थांबली. साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, आणि मग त्यांच्या मनात जे खरं होतं ते बाहेर आलं.

“उद्या तुम्ही नोकरी सोडलीत, तर ते कोण सांभाळणार? मला ती भीती आहे.”

“भीती खरी आहे, साहेब,” ती म्हणाली. “आणखीही एक आहे. दार एकच, म्हणजे ते बंद पडलं की सगळेच फोन एकदम बंद पडणार. सिपमध्ये कधीकधी एखादाच मरतो.”

साहेब चमकले. आपल्याच म्हणण्याविरुद्ध बोलणारं माणूस त्यांना क्वचित भेटायचं.

“मग तुम्ही तोच का मागताय?”

“मी मागत नाही. मला दोन आठवडे द्या. एक दिवस सिप, एक दिवस आयएएक्स. टेबलावरचे फोन सिपवरच राहू देत, त्यांना हात लावायचा नाही. बदल फक्त दोन सर्व्हरांच्या मधल्या रस्त्यात. आज कुठला चालू आहे ते मी ताईंना सांगणार नाही. त्यांनी फक्त लिहून ठेवायचं, लाईन तुटली की नाही. आणि माझ्याशिवाय चालेल याची व्यवस्था मी करते.”

“टेस्ट तुम्ही करणार नाही?”

“माझ्या टेस्टवर आता माझाच विश्वास नाही.”

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

सोमवारी ती गाडीने डोंगरापलीकडे गेली. शाखेतला सर्व्हर औषधांच्या कपाटावर, कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये गुदमरत पडला होता. त्याला मोकळी जागा हवी म्हणून तिने बरोबर आणलेली फळी वॉर्डाच्या भिंतीवर ठोकायला घेतली. ठोकताना नेहमीप्रमाणे बोलणं चालू. तेवढ्यात मागून काठीची टकटक आली. सहा फुटी, जाड भुवयांचे एक गृहस्थ डावा हात काठीवर टेकून उभे होते. सिस्टर हळूच म्हणाल्या, “सुतारकाका.”

काका फळीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. रेडिओने हातोडी खाली ठेवली. विचारावंसं वाटलं, पाणी हवंय का, खुर्ची हवीय का, फोनबद्दल रागावलात का. तिने यातलं काही विचारलं नाही. वॉर्डातला पंखा फिरत होता. कोणीतरी खाट सरकवली.

“वा...” काका म्हणाले. थांबले. कपाळावर शीर उमटली. “वाक... डी.”

रेडिओने मान तिरपी करून पाहिलं. फळी चांगली बोटभर कलली होती.

पुढचा अर्धा तास काकांनी बाकावर बसून डाव्या हाताच्या खुणांनी तिच्याकडून काम करून घेतलं. खिळे उपटायला लावले, दोरा ताणून रेघ मारायला लावली, पुन्हा ठोकायला लावलं. खिळा तिरका जायला लागला की नाकातून फुर्र आवाज काढायचे. फळी झाली तेव्हा तिच्यावर गोटी ठेवली तरी हलली नसती. मग रेडिओ त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

“काका, त्या दिवशी ताईंनी फोन ठेवला नव्हता. माझ्या यंत्राने ठेवला. तुम्ही शब्द शोधत होता आणि यंत्राला वाटलं, इथे कोणी नाहीच.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी डबा बघितला, फळी बघितली, आणि काठी टेकत आपल्या खाटेकडे गेले. ते मान हलवून गेले की नुसतेच गेले, हे तिला कळलं नाही. पण बुधवारच्या यादीत सिस्टरनी त्यांचं नाव परत लिहिलं.

दोन आठवडे ताईंनी वहीत खुणा केल्या. त्या दोन आठवड्यांत रेडिओने दुसरं काम केलं. एक वही घेतली आणि सर्व्हरबद्दल जे काही तिला येत होतं ते साध्या भाषेत लिहून काढलं. बोलण्यात जे एका दमात व्हायचं, ते लिहिताना तिच्या नाकी नऊ आले. पहिला खर्डा तिने नवऱ्याला वाचायला दिला. त्याने दोन पानं वाचली आणि म्हणाला, “तिसऱ्या ओळीतला दिवा लाल की हिरवा, ते तू लिहिलंच नाहीस.” तिने तो सगळा खर्डा पुन्हा लिहिला. तो शाखेत पाठवला आणि सिस्टरना सांगितलं, “मी नाही असं समजा. डबा बंद करा आणि नुसतं हे वाचून चालू करा.” सिस्टरना तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या प्रयत्नानंतर त्यांनी स्वतःहून फोन केला आणि त्यांचा आवाज असा होता, जणू विमान उतरवलं.

दुसऱ्या शुक्रवारी ताईंची वही साहेबांच्या टेबलावर उघडली गेली. रेडिओने शेजारी आपला कागद ठेवला, कुठल्या दिवशी काय चालू होतं त्याचा. सिपच्या पाच दिवसांत उपचाराचे अकरा फोन मेले होते. आयएएक्सच्या पाच दिवसांत शांततेमुळे एकही नाही. एका गुरुवारी मात्र शाखेतली वीज गेली आणि सगळेच फोन एकदम बंद पडले. वीज आली, तेव्हा सिस्टरनी वही बघून डबा चालू केला. सात मिनिटं लागली. त्या दिवशी रेडिओ दातांच्या डॉक्टरकडे होती आणि तिला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

“तुम्ही नव्हता?” साहेबांनी विचारलं.

“नव्हते.”

साहेबांनी फाईल ओढली आणि दोन ओळी लिहिल्या. शाखेसाठी बॅटरी मंजूर, आणि दोन सर्व्हरांमध्ये आयएएक्स कायम. मग फाईल बंद केली आणि खरंच सुखावल्यासारखे मागे टेकले.

सुतारकाका आठवड्यात दोनदा फोनवर येऊ लागले. ताई सांगायच्या, परवा अठ्ठेचाळीस सेकंद थांबले आणि मग एकदम दोन शब्द जोडून बोलले. चित्रातलं टेबल बघून म्हणाले, “कच्चं लाकूड.” ताईंना त्या चित्रात लाकूड कच्चं कसं दिसलं ते अजून समजलेलं नव्हतं, पण त्यांनी ते वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.

महिनाअखेरीला ताई पुन्हा रेडिओच्या दारात आल्या. या वेळी तक्रार नव्हती.

“शाखेत खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई आहेत. आधी लोकरीच्या कारखान्यात होत्या. त्यांना मी आजवर फोनवर घेतलंच नाही. एकेका शब्दाला दीड-दोन मिनिटं लागतात. मला वाटायचं, ही लाईन त्यांना पुरायची नाही. आता घेऊ या म्हणते.”

“घ्या ना! आजच घ्या.”

“त्यांच्या खाटेजवळ सिस्टरनी नवीन फोन बसवलाय. आधी तू एकदा बघ, आवाज पोचतोय का.”

“मी?” रेडिओ म्हणाली. “नक्की?”

“तूच.”

रेडिओने नंबर लावला. तिकडे रिसीव्हर उचलल्याची खरखर आली आणि मागे सिस्टरचा आवाज, “हं, बोला त्यांच्याशी.” रेडिओने स्वतःची ओळख सांगितली, मोजक्या शब्दांत. मग विचारलं, “बाई, माझा आवाज येतोय का?”

काही नाही. फक्त कोणाचा तरी श्वास. ताई खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवून. रेडिओने टेबलाची कड धरली होती. अर्धं मिनिट गेलं, मग एक मिनिट गेलं. बाहेर ट्रक मागे घेत असल्याचा आवाज येऊन थांबला. सर्व्हरचा बारीक दिवा आपल्या चालीने लुकलुकत होता. तिकडचा श्वास जरा जोरात झाला, थांबला, पुन्हा झाला. दीड मिनिट होऊन गेलं, पण रेडिओ घड्याळाकडे बघत नव्हती.

“ऐ...” तिकडून आलं. फार बारीक, पण स्वच्छ. “ऐकू... ये... तंय.”